तोर्रे दे ला पारादा : एक लुप्त मृगयागृह

माद्रिदनजीक एल पार्दोच्या राजवनात ‘तोर्रे दे ला पारादा’ हे स्पॅनिश राजांचे मृगयागृह होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास युवराज फिलिपने, म्हणजे पुढील दुसऱ्या फिलिपने, तेथे एक मनोरा बांधविला. शिकारीतील विसावा एवढेच त्याचे प्रयोजन. चौथ्या फिलिपने वास्तुकार हुआन गोमेस दे मोरा याच्याकरवी त्याचा विस्तार केला आणि १६३६ मध्ये रूबेन्सकडून साठांहून अधिक चित्रे मागविली. ही मागणी ब्रुसेल्स येथील राजबंधू फर्नांदो याच्यामार्फत गेली. विषय बहुतांशी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधील होते. आराखडे रूबेन्सचे, अनेक चित्रे मात्र इतर चित्रकारांनी पूर्ण केली. वेलास्केसने राजा, राजबंधू व सहा वर्षांचा युवराज यांना शिकाऱ्यांच्या वेषात रंगविले.

वारसायुद्धात, १७१० मध्ये, या वास्तूची लूट व जाळपोळ झाली. वाचलेली अनेक चित्रे आज प्रादो संग्रहालयात आहेत. वास्तूच्या अंतरंगाचा मुख्य पुरावा म्हणजे दुसऱ्या कार्लोसच्या मृत्यूनंतरची यादी. परंतु ती चित्रे लागल्यानंतर सुमारे साठ वर्षांनी झाली. कोणते चित्र कोठे होते हे ती सांगते. प्रारंभी ते तेथेच योजिले होते, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून चित्रमालेत एकसंध राजकीय आशय शोधणाऱ्या अभ्यासकाने यादीला संकल्पपत्र मानू नये. चित्रे उरली, पण भिंतींबरोबर त्यांचा परस्परसंबंध नष्ट झाला. खरी हानी हीच होय.