सनदेबाहेरचा रहिवासी

सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसाला बेडकाचे अप्रूप नसते, आणि ओल्या मातीत दडून राहणारे देवगांडूळही त्याच्या ऐकिवात असते. परंतु बेडकाचे ओले अंग, चार पायांची संथ चाल आणि जन्मभर न झडणारी शेपूट ही लक्षणे एकत्र धारण करणारा सॅलॅमँडर आपल्या डोंगरांत नाही. त्याच्या दर्शनासाठी पूर्वेकडचा हिमालयच गाठावा लागतो. म्हणून एका वैशाखात आम्ही सहकुटुंब दार्जिलिंगच्या रानात गेलो, आणि त्या शोधाबरोबरच त्या मुलखाचा इतिहासही उलगडत गेला.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी सिक्कीमच्या राजाने कंपनी सरकारला दार्जिलिंगच्या मुलखाची सनद करून दिली. रंगीत, बालासन आदी नद्यांची चतुःसीमा घालून दिलेल्या त्या दस्तऐवजात, सरकारच्या आजारी नोकरांना थंड हवेचा लाभ व्हावा, एवढेच कारण नमूद आहे. १८४१ मध्ये दार्जिलिंगचे अधीक्षक डॉ. कॅम्पबेल यांनी आपल्या बागेत चहाचे बी रुजवून पाहिले. १८५० मध्ये कंपनीने सिक्कीमचा आणखी मुलूख खालसा केला. १८८१ मध्ये आगगाडी दार्जिलिंगला पोहोचली. चहासाठी जमीन, तो वाळवण्यासाठी सरपण आणि भरण्यासाठी खोकी, या तिहेरी मागणीपुढे ओक आणि मॅग्नोलियाची अरण्ये मागे हटली. या साऱ्या उलाढालीची नोंद दप्तरात झाली. डबक्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या प्राण्याची मात्र त्या व्यवहारात कोणी गणनाच केली नाही.

शास्त्राच्या दप्तरातही त्याला स्वतःच्या नावाने जागा मिळण्यास फार काळ लागला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी १८७१ मध्ये युनानमधील सॅलॅमँडरचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि हिमालयातला प्राणी दीर्घकाळ त्याच नावाखाली मोजला गेला. तो निराळा आहे हे ठरून त्याला हिमालयाचे नाव मिळाले ते २०१५ मध्ये.

वळवाच्या सरी पडू लागल्या, की दगडाखाली आणि कुजक्या ओंडक्याखाली हिवाळा काढलेले हे जीव विणीसाठी पाण्याकडे निघतात. आम्हाला एका मळ्याच्या कडेच्या डबक्यावर नेले ते गावातील एका वृद्ध गृहस्थांनी. सोबत त्यांची लहान नात होती. आमची मुले पाण्यावर वाकून घाईघाईने शोधू लागली, तेव्हा त्या मुलीने ओठांवर बोट ठेवून त्यांना खाली बसविले. काही वेळाने गवताच्या सावलीतून वीतभर लांबीची एक तपकिरी आकृती वर आली. पाठीच्या दोन्ही अंगांना गाठींची ओळ स्पष्ट दिसत होती. पृष्ठभागाशी तोंड टेकवून तिने हवेचा एक घोट घेतला आणि शेपटीच्या एका हेलकाव्यासरशी ती तळाशी गेली. बुडालेल्या एका पात्याला पारदर्शक वेष्टनातले एकच अंडे चिकटलेले होते. मुलांनी हात पाठीमागे बांधून ते पाहिले.

जोरपोखरी येथे १९८५ पासून याच प्राण्यासाठी अभयारण्य आहे. जोरपोखरी म्हणजे जोडतळी. आपल्या पुष्करिणीचेच ते पहाडी रूप. वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्रही या प्राण्यावर आहे. तथापि ज्या डबक्याला कागदावर नाव नाही, ते बुजविले, त्यात मासे सोडले किंवा मळ्यातले कीटकनाशक त्यात उतरले, तर तिथली वीण बुडते, आणि असे डबके नाहीसे झाल्याची बातमी तिथे नेहमी जाणाऱ्या घरालाच प्रथम कळते. आजोबाने नातीला पाणवठा दाखविण्याची ही चाल मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. सनदेत जे लिहिले गेले नाही, ते या चालीच्या योगाने ध्यानात राहते.

परतताना त्या मुलीने वाटेतला एक दगड उचलला. खाली ओली माती आणि दोन गोगलगाई होत्या. मातीत उमटलेल्या त्याच्याच ठशावर तिने तो दगड पुन्हा अलगद बसविला, आणि बसला की नाही हे तळहाताने दाबून पाहिले.