ओफीरच्या नावातला ‘स’

रामटेकच्या माणसाला स्थळनामांचे वाद नवे नाहीत. मेघदूतातला रामगिरी म्हणजे चित्रकूट, असे टीकाकार मल्लिनाथ सांगतो. काहींनी तो छत्तीसगडातल्या रामगढला नेला. पण वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. अशा पुराव्यांवर वा. वि. मिराशींनी रामटेकची बाजू भक्कम केली. हीच कसोटी कोकणातल्या सोपाऱ्याला लावून पाहू: बायबलमधला ओफीर तो हाच का?

शलमोन राजाची जहाजे तांबड्या समुद्रावरच्या एसयोन-गेबेरहून ओफीरला गेली आणि 420 किक्कार सोने घेऊन आली, असे बायबल सांगते. ओफीर हे नाव नुसते कथेतले नव्हे. तेल अवीवमधल्या तेल कासिले टेकाडावर मिळालेल्या, इ. स. पूर्व आठव्या शतकातल्या खापरावर ओफीरच्या 30 शेकेल सोन्याची नोंद आहे. मात्र ओफीर कुठे, हे खापर सांगत नाही.

खरी गंमत पुढे आहे. हिब्रूतले ‘ओफीर’ जुन्या ग्रीक भाषांतरात ‘सोफीर’च्या वळणाचे होते. हा ‘स’ आला कुठून? हे भाषांतर झाले त्या सुमारास कोकणात शूर्पारक, म्हणजे सोपारा, नांदते बंदर होते. तिथे 1882 साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे टॉलेमीने हेच बंदर ‘सूपारा’ म्हणून नोंदवले. इजिप्तच्या कॉप्टिक भाषेत तर भारतालाच ‘सोफिर’ म्हणत.

म्हणून ओफीर म्हणजेच सोपारा, असे अनेकांनी मांडले. त्यावर दोन आक्षेप बळकट आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या वंशावळीत ओफीर शबा आणि हवीला यांचा भाऊ आहे. शबा तर अरबस्तानातलाच. शिवाय शलमोनाचा काळ इ. स. पूर्व दहावे शतक, तर अशोक तिसऱ्या शतकातला. मधली सातशे वर्षे ओलांडायची कशी? कोकणात सोन्याच्या खाणी नाहीत हा तिसरा आक्षेप मात्र लंगडा आहे. बंदरात माल येतो, तो तिथेच निघावा लागत नाही.

माझे मत असे: शलमोनाचा ओफीर अरबस्तानच्या बाजूचा. भाषांतरकारांच्या काळापर्यंत त्याचा ठावठिकाणा विसरला गेला होता, आणि दूरच्या श्रीमंत बंदराचे नाव म्हणून त्यांच्या कानी सोपारा आला होता. तो ‘स’ तिथूनच चिकटला. कॉप्टिक शब्द बायबलवरूनच आला असेल, असे कोणी म्हणेल. पण मग त्याचा अर्थ भारत का झाला?

रामटेकच्या पाठीशी ताम्रपट आहे, सोपाऱ्याच्या पाठीशी एक अक्षर. तेवढ्यावर सोपाऱ्याला शलमोनाचे सोने देता येत नाही. ओफीरच्या नावातला वाटा मात्र द्यावाच लागतो.