मळसूत्राचा शिरस्ता

मोटारसायकलच्या इंजिनाच्या तळाशी ज्या चेंबरात तेलाचा साठा असतो, त्याच्या तेल काढण्याच्या छिद्रातील आटे एकदा गेले की बोल्ट नुसता फिरत राहतो आणि तेल थेंबाथेंबाने पाझरू लागते. हा दोष दिसायला क्षुल्लक खरा, परंतु त्याच्या पाठीशी मापांचा, धातूंचा आणि दुरुस्तीच्या हुन्नराचा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जितके कारखाने तितक्या आट्यांच्या तऱ्हा अशी स्थिती होती, आणि यंत्र खोलताना कोणता बोल्ट कोणत्या छिद्राचा याची खूण करून ठेवली नाही, तर ते पुन्हा जोडणे दुरापास्त होई. लंडनचे हेन्री मॉड्स्ले यांनी लेथवर अचूक आटे पाडण्याची विद्या परिपूर्णतेस नेली. त्यांच्याच कारखान्यात हात तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट जमवून, त्यांची मापे ताडून पाहून, ५५ अंशांच्या कोनाचा एकच दस्तूर सर्वांनी पाळावा अशी सूचना १८४१ साली मांडली. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचविला, आणि १८९८ च्या झुरिक येथील परिषदेने मेट्रिक मापांकरिताही तोच कोन मान्य केला.

या मतभेदाचे परिणाम आपल्याही वाट्याला आले. इंग्रजी अंमलात आणि त्यानंतरही काही काळ येथे आलेल्या विलायती मोटारसायकली इंची मापांच्या होत्या, १९५५ साली मद्रासेत एन्फिल्डचा जो कारखाना निघाला तोही त्याच परंपरेतला, आणि पुढच्याच वर्षी भारत सरकारने मेट्रिक मापांचा कायदा केला. त्यामुळे गॅरेजवाल्यास दोन्ही पद्धतींचे पाने आणि आटे पाडण्याचे टॅप बाळगणे भाग पडले. बारा मिलिमीटरच्या छिद्रात अर्ध्या इंचाचा बोल्ट बळेच बसविणाऱ्याने किती चेंबरांचा घात केला असेल, याची नोंद कोणत्याच दफ्तरात नाही.

धातूचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. १८८६ साली हॉल आणि एरू या दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली, आणि वजनाने हलका, साच्यात सुलभतेने ओतला जाणारा व उष्णता त्वरेने बाहेर टाकणारा हा धातू कालांतराने इंजिनाच्या आवरणासाठी रूढ झाला. मात्र पोलादी बोल्टाच्या मानाने तो मऊ असल्याने, पान्यावर वाजवीपेक्षा अधिक जोर पडताच स्वस्त बोल्ट शाबूत राहतो आणि महाग चेंबर निकामी होते. टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबरच जळून जाई आणि गिअरचे तेल क्वचितच बदलले जाई, म्हणून हा प्रसंग विरळा येत असे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली आणि अशा गाड्या सर्वसामान्यांच्या दारी पोहोचल्या, तेव्हा इंजिन, क्लच आणि गिअर यांना मिळून एकच तेल, ते नियमाने बदलण्याचा शिरस्ता, आणि दर खेपेस त्याच बोल्टाची उघडझाप, असे सत्र सुरू झाले.

उपाय तीन प्रकारचे आहेत. छिद्र मोठे करून, नवे आटे पाडून ओव्हरसाइज बोल्ट बसविणे हा पहिला. लेथवर घडविलेला बुश आत बसवून त्यात मूळ मापाचे आटे ठेवणे हा दुसरा. आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छेदाची पोलादी तार स्प्रिंगप्रमाणे गुंडाळून छिद्रात फिरविणे हा तिसरा. ही तार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांच्या इंजिनांत वापरात आली होती, आणि तिच्या योगे मऊ धातूला पोलादी आट्यांचा आधार मिळतो. जाणता कारागीर टॅपच्या खाचांत ग्रीस भरतो, म्हणजे कीस आत न पडता त्यातच चिकटून राहतो. अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे अशा बेताने टॅप सरळ उतरवतो. शेवटी नवा वायसर घालतो आणि बोल्ट नेमक्या जोराने आवळतो. अनेक गाड्यांत हे छिद्र मुख्य आवरणातच असते, आणि ते आवरण बदलायचे तर सारे इंजिन उकलावे लागते. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या अर्ध्या तासाच्या कौशल्याचे मोल कळते.

व्हिटवर्थ यांच्या दस्तुरामुळे सुटा भाग बदलणे शक्य झाले, म्हणून दुरुस्तीची कला मावळली असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हरियाणात धारुहेड्याला तयार झालेल्या गाडीला कोल्हापुरात विकत घेतलेला टॅप आणि बोल्ट बिनचूक लागू पडतो, तो मापांच्या त्या सर्वमान्य तहामुळेच. आणि ज्या मेकॅनिकच्या हातून तो तह प्रत्येक छिद्रात पाळला जातो, त्याचे स्थान यंत्रविद्येच्या इतिहासात कारखानदाराच्या शेजारी आहे.