मुक्ताबाईंचा निबंध : विचार करायला शिकवण्याची एक जुनी गोष्ट



संयोजकांनी आम्हाला विषय कळवला तो असा : 'उच्चस्तरीय विचारकौशल्यांचा विकास आणि अध्यापन'. शब्द भारदस्त आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते इतक्या वेळा कानावर पडतात की समोर बसलेल्या एकदोघांनी आत्ताच घड्याळाकडे पाहिलं असेल. म्हणून आम्ही ठरवलं, आज तक्ते बाजूला ठेवायचे आणि इतिहासातलं एकच उदाहरण नीट उलगडून पाहायचं. उदाहरण १८५५ सालचं आहे आणि त्याचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून जातो.

आधी या संज्ञेचा थोडक्यात उलगडा करू. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची एक उतरंड मांडली. २००१ साली अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती सुधारली. तिच्या सहा पायऱ्या अशा : आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे आणि नवनिर्मिती करणे. यातल्या शेवटच्या तिघींना उच्चस्तरीय म्हणायची पद्धत पडली. वर्गीकरण म्हणून हे सोयीचं आहे. पण त्यातून आपल्याकडे एक समज रुजला : आधी खालच्या पायऱ्या पक्क्या करा, मग सवड मिळाली तर वर चढा. आणि सवड काही मिळत नाही, मार्चमध्ये परीक्षा येते.

आता कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी कल्पना. तसं नाही. न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. चर्चेचेही तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं मोडतात ती वितंडा. संध्याकाळी टीव्ही लावला की यातलं काय पाहायला मिळतं ते तुम्ही जाणताच. आपल्या शास्त्रग्रंथांत आणखी एक शिस्त होती. स्वतःचा सिद्धांत मांडण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, प्रामाणिकपणे मांडायचं. विश्लेषण आणि मूल्यमापन यांचं याहून काटेकोर शिक्षण क्वचित सापडेल.

मग अडलं कुठे? ही अवजारं ज्या पाठशाळांत घडवली जात, त्यांचं दार मोजक्यांसाठीच उघडं होतं. भाषाही मोजक्यांचीच. इथून जवळच्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्याचं मोल या बाजूनेही पाहायला हवं. कळण्याचा हक्क वाढला. पण उलट प्रश्न विचारण्याचा, तोही लेखी, सगळ्यांसमोर, हा हक्क खालपर्यंत पोचायला आणखी साडेपाच शतकं गेली. आमच्या मते महाराष्ट्रातल्या उच्चस्तरीय विचाराचा इतिहास हा कौशल्यांचा कमी आणि या हक्काचा जास्त आहे.

आता नगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला काम सुरू केलं. सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिकेने तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून तरुण जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षणही फरारबाईंकडे नगरलाच झालं. १८४२ मध्ये याच नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं.

या 'ज्ञानोदया'त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लेखिका मुक्ताबाई, मांग समाजातली, चौदा वर्षांची, फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली विद्यार्थिनी. आज आपण त्यांना मुक्ता साळवे म्हणून ओळखतो.

या निबंधाकडे सहसा दुःखाची कहाणी म्हणून पाहिलं जातं. ती तर आहेच. इमारतींच्या पायात माणसं पुरल्याचं, तालीमखान्यासमोरून गेलं म्हणून पेशवाईत डोकी उडवल्याचं त्यात येतं. पण आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा आमची नजर त्यातल्या युक्तिवादाच्या बांधणीवर जाते. मुक्ताबाई सुरुवातीलाच विरोधकाचं म्हणणं घेतात : वेद फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत. ठीक आहे, खरं मानू. मग वेदांप्रमाणे वागणं हा धर्म फक्त ब्राह्मणांचाच ठरतो. आम्हाला धर्मग्रंथ नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित झालो. तर मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग.

श्रोतेहो, न्यायदर्शनात याला नेमका 'तर्क' असा पारिभाषिक शब्द आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं घटकाभर खरं धरायचं आणि त्यातून कोणती अनिष्ट आपत्ती ओढवते ते दाखवायचं. पाठशाळेत धूर आणि अग्नीचं उदाहरण देतात : धूर आहे पण अग्नी नाही असं धरलं, तर धूर अग्नीवाचून निर्माण झाला असं म्हणावं लागेल. ज्या मुलीला त्या पाठशाळेच्या ओट्यावरही कोणी उभं केलं नसतं, तिने हेच अवजार स्वतःच्या जगण्यावर चालवलं आणि धूर-अग्नीऐवजी माणसाच्या धर्माचा प्रश्न सोडवायला घेतला.

इथे एक शंका येणं रास्त आहे. हे सगळं तिला शिक्षकांनी सांगितलं नसेल कशावरून? मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आलं, म्हणजे त्यांचीच री ओढली नसेल ना? शंका बाजूला सारायची नाही, तपासायची. निबंधात दोन जागा अशा आहेत की ज्या पढवलेल्या पोपटाला साधत नाहीत. पहिली, बाळंतपणाची. डोक्यावर छप्पर नसताना उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांविषयी ती लिहिते. हे ज्ञान पुस्तकातलं नाही, आईमावशीच्या तोंडून आलेलं आहे. दुसरी जागा आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणते की महारही स्वतःला मांगांहून वरचे समजतात, मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात. म्हणजे जी मोजपट्टी तिने ब्राह्मणांना लावली तीच लगतच्या, सोबतच्या समाजालाही लावली. दुःखात जो आपल्या बरोबर उभा आहे त्यालाही तोच प्रश्न विचारणं सोपं नाही. मोठमोठ्या विचारवंतांना ते जमलेलं नाही. आणि शेवटी ती वळते ती स्वतःच्याच लोकांकडे : शिका, यावर ज्ञान हेच औषध आहे. विश्लेषण झालं, मूल्यमापन झालं, पुढचा मार्गही सांगून झाला. ब्लूमच्या पुस्तकाला अजून एकशेएक वर्षं होती.

हे कसं घडलं? त्या वर्गात रोज काय चाले याची टिपणं आपल्या हाती नाहीत. पण फुले याच सुमारास काय लिहीत होते ते आहे. त्याच १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. त्यात एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून नवराबायकोला लुबाडतो. विदूषक मधे मधे बोलून त्यातली लबाडी उघडी करत राहतो. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत शिकायला निघतं. लक्षात घ्या, जोशाला हाकलून नाटक संपत नाही, शाळेपाशी संपतं. पुन्हा असा कोणी आला तर त्याला ओळखता आलं पाहिजे, ही फुल्यांची शिक्षणाची व्याख्या. पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध, हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यही मागितलं. मुलाच्या जगण्याशी भिडणारं काहीतरी पाटीवर आलंच पाहिजे, हा आग्रह.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतो. मुक्ताबाईंकडे लिहिण्यावाचण्याचं पक्कं साधन होतं. पाठांतराला नावं ठेवायची आमची तयारी नाही. पाढे आणि अक्षर पक्कं नसेल तर विचार लंगडतो. त्यांच्यापुढचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात मागे छापलेलं नव्हतं. आणि उत्तर गंभीरपणे घेणारं कोणीतरी होतं : ऐकणारे शिक्षक, छापणारं नियतकालिक. शाळा तीनच वर्षांची होती. पायऱ्या पूर्ण होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

आता आजचं पाहा. आपल्या बोर्डाच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. हेतू उत्तम आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून २०२० च्या शैक्षणिक धोरणापर्यंत सगळे हेच सांगत आले की घोकंपट्टी कमी करा. पण बाजारातलं गाइड उघडा. त्यात स्वमताची तयार उत्तरं छापलेली आहेत आणि मुलं ती पाठ करतात. स्वतःचं मत पाठ करायचं, ही करामत आमच्या तर्कशास्त्रात बसत नाही! मुलांना दोष देऊ नका. वेगळं मत लिहिलं तर मार्क जातील ही भीती त्यांना कोणीतरी शिकवली आहे. शिक्षकालाही एकट्याला दोष देता येत नाही. साठ-सत्तर मुलांची कारणं वाचून, तोलून मार्क द्यायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात कुठे असतो?

तरीही सुरुवात करता येते, आणि ती श्रीरामपुरातच करता येते. आपलं हे गाव बेलापूर रोड स्टेशनाभोवती आणि प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलं. पाटाचं आवर्तन लांबलं तर आधी कोणाच्या पिकाला पाणी द्यावं, ऊसवाल्याला की चाऱ्यावाल्याला? हरेगाव आणि टिळकनगरच्या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. पुढे त्या शेती महामंडळाकडे गेल्या आणि खंडकऱ्यांना त्या परत मिळवण्यासाठी कित्येक वर्षं लढावं लागलं. जमीन कोणाची, आणि का? आठवीच्या वर्गात आठवड्याला असा एक प्रश्न ठेवा. मुलाने आपलं मत लिहावं, त्याचं कारण लिहावं, आणि आधी पूर्वपक्ष लिहावा, म्हणजे विरोधकाने वाचला तर 'हो, माझं म्हणणं हेच' असं त्याने म्हणावं. मार्क मताला द्यायचे नाहीत, कारणाला आणि पूर्वपक्षाला द्यायचे. तीन ओळी पुरेत. त्यातले दोन कागद शुक्रवारी वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.

याची किंमत आहे, तीही सांगायला हवी. असा वर्ग एक दिवस तुमच्याकडेही वळेल. घरात, देवळात, पक्षाच्या कार्यालयात आणि शाळेच्या ऑफिसात मुलं कारण विचारतील. आम्हाला वाटतं, उच्चस्तरीय विचार शिकवायला हवा असं म्हणणारी बरीच मंडळी इथे येऊन थबकतात. मुक्ताबाईंनी आपल्याच बाजूच्या माणसांना प्रश्न विचारला, आणि तरी तो मजकूर गाळला गेला नाही, छापला गेला. कौशल्य त्या मुलीचं होतं. धीर तिच्याबरोबर तिच्या शिक्षकांनीही दाखवला.

तेव्हा तक्ते भिंतीवर राहू द्या, हरकत नाही. सोमवारी शाळेत गेलात की फळ्यावर एक खरा प्रश्न लिहा आणि उत्तर ऐकायला थांबा. आता तुमचे प्रश्न घेऊ. पूर्वपक्षही चालेल.