पायातला मीना

लग्नाच्या खरेदीला सराफाकडे बसलेली निपाणी-बेळगावकडची बाई पैंजण हातात आलं की आधी घुंगरू वाजवून बघते, मग कोयऱ्यांतला रंग निरखते. लाल, हिरवा, कधी मोरपंखी. रंग कुठलाही असो, दुकानात त्याला ‘मीना’च म्हणतात. शब्द मूळचा फारसी. तिकडे तो काचेलाही लावतात आणि आभाळाच्या निळाईलाही.

अस्सल मीना म्हणजे काचच. काचेच्या पुडीत धातूंची भस्मं मिसळायची: निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. दागिन्यावर कोरलेल्या खाचेत ती ओली पूड भरायची आणि साधारण 750 ते 850 अंशांच्या भट्टीत धरायची. जास्त आच सोसणारा रंग आधी, नाजूक लाल शेवटी. सोळाव्या शतकात आमेरच्या राजा मानसिंहानं लाहोरचे कारागीर आणून ही कला राजस्थानात रुजवली, अशी परंपरा आहे. तिथल्या कुंदनाच्या हारात खडे पुढे आणि मीना मागे, अंगाला लागून. सगळं नक्षीकाम दिसायचं ते फक्त घालणारीला.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मात्र हा रंग उतरला तो पायात. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते कमरेखाली घालायचं नाही. म्हणून पैंजण, जोडवी, मासोळ्या सगळ्या चांदीच्या. गळ्यातल्या कोल्हापुरी साजात लाल-हिरवा रंग येतो तो माणिक-पाचूच्या पानड्यांतून. त्याच साजात कमळ, कासव, बेलपान आणि मासा असतो. मासा पायाच्या बोटातही भेटतो. मासोळीच्या खवल्यांच्या खाचा रंग भरायला जणू तयारच असतात.

या चांदीचं मोठं गाव म्हणजे हुपरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या ‘चंदेरीनगरी’त शंभरहून अधिक वर्षं पैंजणं घडतात. आग्रा, राजकोट, सेलम ही देशातली दुसरी मोठी ठाणी. निपाणी तालुक्यातलं मांगूर हुपरीपासून हाकेच्या अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चांदीचं काम मात्र दोन्हीकडच्या घरांतून चालूच राहिलं.

एक पैंजण किती हातांतून जातं! मुशीत चांदी आटवायची, तिची तार आणि पट्टी ओढायची, ठशावर नक्षी उठवायची, कड्या झाळायच्या, घुंगरू लावायचे, रिठ्याच्या पाण्यात उजळायचं.

भट्टीचा मीना इथे अडतो तो झाळेपाशी. चांदी वितळते 962 अंशांच्या आसपास, पण सांध्यातली झाळ सुटायला सातशेच्या आसपासची आचही पुरते. डझनावारी सांध्यांचं तयार पैंजण भट्टीत घातलं तर रंग बसण्याआधी कड्याच निखळायच्या. शिवाय पैंजण पावलागणिक वाकतं आणि काचेला वाकणं सोसत नाही.

म्हणून आज बाजारातल्या बहुतेक पैंजणांवर थंड मीना दिसतो. राळेसारख्या चिकट रसायनात रंग कालवायचा, सुईच्या टोकानं कोयरीच्या पोटात एकेक थेंब सोडायचा आणि सुकू द्यायचा. थेंब काठाबाहेर गेला की तो लगेच पुसावा लागतो. सुकला की खरवडावा लागतो आणि खरवडलं की चांदीवर ओरखडा उठतो. हे काम घरच्या उंबऱ्याशी, उजेडाला बसून होण्यासारखं आहे.

जयपूरच्या राजघराण्याचे मीनाकाम केलेले दागिने संग्रहालयात पोहोचले. पायातल्या चांदीच्या नशिबी ते क्वचितच येतं. घुंगरू गळाले, कडी झिजली की पैंजण मोडीत जातं. सराफ टंच, म्हणजे चांदीची शुद्धता बघतो, मीन्याचं वजन वजा करतो आणि उरलेल्या चांदीचा भाव लावतो. मग ते पुन्हा मुशीत. थंड मीना चांदी पातळ व्हायच्या आधीच धूर होऊन जातो. भट्टीचा असेल तर काच वर तरंगते आणि ती मळीबरोबर काढून टाकतात.