जपावे, पण वाटावे का?



आपल्या कोवलमहून केळंबाक्कममार्गे वंडलूर गाठले आणि जीएसटी रोडने चेंगलपट्टूची वाट धरली, की मराईमलाई नगर मागे टाकल्यावर सिंगपेरुमाळ कोविल नावाचे लहानसे स्टेशन लागते. नोकरीनिमित्त महिंद्रा सिटीकडे जाणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना ते ओळखीचे असेल. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गाडीत अस्वस्थ वाटू लागल्याने याच स्टेशनवर उतरले. फलाटावर पथारी घातली, नमाज पढले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. पुढे मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले.

खाँसाहेबांचा सूर आज आपल्याला ऐकायला मिळतो, कारण ते स्वतः यंत्रासमोर बसून गायले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या तबकड्या निघाल्या. या मुलुखातल्या संगीतावरही त्यांचे प्रेम होते; त्यागराजांची एक कृतीसुद्धा त्यांनी तबकडीसाठी गायली. पण सगळेच कलावंत यंत्राला असे राजी नव्हते. ज्यांनी ‘नको’ म्हटले त्यांचे सूर मागच्या दाराने आपल्यापर्यंत आले, तर आपण काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) लहानपणी कोल्हापुरात सुमारे आठ महिने याच अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे अनेक गुरू झाले. १९२१ पासून मात्र उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम मिळाली आणि केसरबाई ‘सूरश्री’ झाल्या. त्यांनी तबकड्या दिल्या, पण त्या मोजक्या. मैफलीत मात्र ध्वनिमुद्रण त्यांना खपत नसे. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी जाहीर गाणेही थांबवले. तरीही खासगी मैफलींतली काही ध्वनिमुद्रणे संग्राहकांकडे राहिली आणि हातोहात फिरली.

हा केवळ मानीपणा होता असे समजणे बरोबर नाही. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर उलगडणारा राग त्यात बसवायचा म्हणजे वेगळेच काम. कलावंत ते ठरवून, बेतून करी. मैफलीचे तसे नसते. तिथे आवाज कसा लागला, साथ कशी जमली, समोर कोण बसले आहे, यावर गाणे त्या क्षणी घडते. आपल्या संगीतात बंदिशीचे शब्द चार ओळींचे. बाकी सारी रचना गायकच त्या रात्री करतो. म्हणजे गाणारा हाच रचनाकार. त्याने मैफल टिपू न देणे म्हणजे आपली रचना त्या रात्रीपुरती ठेवून मागे घेणे होय.

पाश्चात्त्य संगीतात ही गोष्ट कागदावर घडते. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ २६ वर्षांचे असताना, १९५१ साली, जर्मनीतील डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात त्यांची ‘पॉलिफोनी एक्स’ ही रचना वाजवली गेली. पुढे त्यांनी स्वतःच ती मागे घेतली. पण त्या पहिल्या वादनाचे ध्वनिमुद्रण झालेले होते. बुलेझ जानेवारी २०१६ पर्यंत हयात होते आणि एवढी वर्षे त्यांनी नाकारलेली रचना हौशी लोक ऐकत राहिले. फ्रान्सच्या कायद्यात तर, प्रकाशकाची नुकसानभरपाई आधी देऊन, आपली कृती मागे घेण्याचा हक्कच लेखकाला दिलेला आहे. मात्र स्वरलिपी परत घेता येते, लोकांच्या कपाटातली फीत कशी परत घेणार?

आपल्याकडचे याहून मोठे उदाहरण म्हणजे अन्नपूर्णादेवी. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या या कन्येने सूरबहारावर जे प्रभुत्व मिळवले त्याची आख्यायिका झाली. १९५० च्या दशकात पंडित रविशंकरांबरोबर त्यांचे जाहीर वादन झाले, पुढे त्यांनी मंच कायमचा सोडला. कारणांची चर्चा पुष्कळ झाली, ती इथे नको. बाजारात त्यांची एकही अधिकृत तबकडी आली नाही. मुंबईतल्या घरी शिष्यांना शिकवत त्या १३ ऑक्टोबर २०१८ पर्यंत जगल्या. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांसारखे कलावंत त्यांच्या हाताखाली घडले. आणि त्याच काळात त्यांच्या जुन्या वादनाच्या दोन-चार फिती आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग संगणकावर देशोदेशी फिरत होत्या. त्या आपल्याच शहरांत राहत होत्या. अनेकांनी फीत ऐकली, पण त्यांचे मत काय असेल हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात आला.

वाटणाऱ्याची बाजूही खोटी नाही. भास्करबुवा बखले यांचे गाणे आज कुठेच ऐकायला मिळत नाही. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. असे वाचले की कोणाही रसिकाचा जीव हळहळतो. एखाद्याने चोरून का होईना टिपले असते तर, असे वाटतेच. विद्यार्थ्याला तर तासाभराच्या एका फितीतून जे कळते ते दहा पुस्तकांतून कळत नाही.

पण फिरत्या फितीचे दुखणेही पाहा. टेपरेकॉर्डर सहा टक्के वेगाने चालला तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकची पट्टी पांढरी दोन होऊन बसते आणि ठाय लय उगीच घाईची वाटते. प्रतीवरून प्रत काढताना खरखर वाढते. आलाप कापला जातो, रागाचे नाव चुकते, साथीदाराचे नाव गळते. कलावंताने कधीच मान्य न केलेले हे रूप लोक ‘त्यांचे गाणे’ म्हणून ऐकतात आणि त्यावरून मतही बनवतात. कलावंत हयात असून त्यावर खुलासा करायला त्याला कोणी बोलावत नाही.

आपल्या कायद्याने या बाबतीत समंजस रेघ ओढली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकाला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने, त्याच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्कही आला. मात्र स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण कायद्याने गुन्हा ठरवलेले नाही. म्हणजे जपणे वेगळे आणि वाटणे वेगळे. मला वाटते, कायदा बाजूला ठेवला तरी माणुसकीची रेघ हीच आहे. कलावंत हयात आहे तोवर शब्द त्याचा. फीत नष्ट करू नये, पण त्याला न विचारता ती गावभर करू नये. तो गेल्यावर त्याच्या शिष्यांना, घरच्यांना विचारावे.

केसरबाईंच्याच बाबतीत पाहा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन अवकाशयाने सोडली. त्यांच्यासोबतच्या सोनेरी तबकडीवर जगभरातले २७ संगीताचे नमुने आहेत. त्यांत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ताऱ्यांच्या दिशेने निघालेले ते गाणे चोरट्या फितीवरचे नव्हते. यंत्रासमोर बसून त्यांनी स्वतः दिलेले होते.

आता आपल्यापुरते. समुद्रकाठच्या आपल्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या स्पूल आणि कॅसेट फार टिकत नाहीत. बुरशी धरते, फीत चिकटते. कोणाच्या घरी आजोबांनी टिपलेली एखादी मैफल असेल तर ती टाकू नका. कोरड्या जागी ठेवा, जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या आणि तारीख, गाव, गायक, साथीदार, राग हे लगेच लिहून ठेवा. १९८२ साली स्थापन झालेल्या, गुरुग्रामच्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’सारख्या संस्थेकडे, कोणी ऐकावे याच्या अटी घालून, ती सोपवता येते. आणि उत्सवात पुण्या-मुंबईहून कलावंत येतील तेव्हा तंबोरे जुळण्याआधीच मंडळाने त्यांना विचारावे : ध्वनिमुद्रण चालेल का? चालले तर कुठवर पाठवायचे? उत्तर ‘नको’ असेल तर ते व्यासपीठावरून जाहीर करावे आणि आपण सर्वांनी मोबाइल खिशात ठेवावेत.

अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज कोणत्याही फितीवर नाही. तरीही केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर आणि पुढे मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकर यांच्या गळ्यातून त्यांचे गाणे आपल्यापर्यंत आले. त्यांनी ज्यांच्या हाती ते दिले, त्यांनी ते सांभाळून पुढे दिले.