थंड पाण्याने घडवलेलं शरीर

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे बुडी मारून शंख-शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका, 1970 च्या दशकापर्यंत ऐन हिवाळ्यातही साध्या सुती कपड्यांत समुद्रात उतरत. पाणी 10 अंशांच्या आसपास. शरीराचं तापमान 35 अंशांपर्यंत घसरलं की वर यायचं, दगडी आडोशातल्या शेकोटीपाशी अंग शेकायचं आणि पुन्हा पाण्यात शिरायचं. या बायका जन्मतःच काटक, असं म्हणणं सोपं आहे. मला तो त्यांच्या कष्टांवर अन्याय वाटतो. शरीरशास्त्रज्ञ सुक की होंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात मोजमापं घेतली. हिवाळ्यात या बायकांचा विश्रांतीतला चयापचय सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेला असे, हुडहुडीही उशिरा भरे. हा आहाराचा परिणाम म्हणावा, तर पाण्यात न उतरणाऱ्या तिथल्याच बायकांत ही वाढ नव्हती. चरबीचं म्हणाल, तर ती अंगावर बेताचीच होती.

रक्तातलाच गुण मानावा, तर पुढचा इतिहास आड येतो. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात रबरी पोशाख रुळले. पाण्यात जास्त वेळ थांबता येऊ लागलं, अंगाला गारठा कमी झोंबू लागला आणि काही वर्षांतच तो वाढीव चयापचय उरला नाही. हुडहुडीही चारचौघींसारखीच भरू लागली. पिढी तीच होती, बदलला होता फक्त पोशाख. युनेस्कोने 2016 मध्ये हेन्योंची परंपरा वारसा म्हणून नोंदवली, तेव्हा थंडीने घडवलेलं ते शरीर नाहीसं होऊन तीन दशकं उलटली होती.